अनाथांच्या गाड्या आणि चार्ल्स ब्रेस : पोरांचं भलं की शहराची साफसफाई?

मक्याचं_कणीस

मंडळी, इकडे मिशिगनात कॅलमझूहून शिकागोला ट्रेनने निघालं की मध्ये डोवॉजॅक नावाचं एक बारकं स्टेशन लागतं. गाडी मिनिटभर थांबते, दोनचार माणसं चढतात उतरतात, बास. पण १८५४ च्या ऑक्टोबरात एका रविवारी पहाटे तीनच्या सुमाराला याच गावात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून उचललेली ४६ पोरं उतरली होती. सहासात वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची. आधी बोटीने अल्बनी, तिथून स्थलांतरितांसाठीच्या खडखडत्या गाडीने बफेलो, मग परत बोटीने ईरी सरोवर ओलांडून डेट्रॉइट, आणि शेवटी ही रेल्वे. उरलेली रात्र स्टेशनातच फरशीवर काढली, सकाळी तोंडं धुऊन चर्चच्या सभेला उभी केली, सोबतच्या स्मिथ नावाच्या माणसाने भाषण ठोकलं की बाबांनो ही पोरं निराधार आहेत, तुमच्या घरात घ्या. आठवडाभरात नऊ सोडून सगळी गेली शेतकऱ्यांच्या घरी. उरलेली नऊ पुढे आयोवाला धाडली.

अमेरिकेत ज्याला आज ऑर्फन ट्रेन म्हणतात त्याची ही सुरुवात. १९२९ पर्यंत हे चालू होतं, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, आणि सगळ्या संस्था धरून साधारण दोन ते अडीच लाख पोरं अशी पूर्वेकडून मध्य आणि पश्चिम अमेरिकेत वाटली गेली. वाटली गेली हाच शब्द बरोबर आहे.

यामागचा माणूस चार्ल्स लोरिंग ब्रेस. जन्म १८२६ चा, कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डचा, येलमधे शिकला, पाद्री व्हायचं म्हणून धर्मशास्त्रही केलं. १८५० ला मित्रासोबत युरोपात भटकायला गेला. हा मित्र म्हणजे फ्रेडरिक ओल्मस्टेड, तोच ज्याने पुढे कॅल्व्हर्ट वॉक्सबरोबर सेंट्रल पार्क आखलं (आणि गंमत म्हणजे वॉक्सने नंतर ब्रेसच्या संस्थेसाठी इमारतीही काढून दिल्या). पुढे एकटाच हंगेरीत पोचला, तिथे नुकतंच बंड चिरडलेलं, ऑस्ट्रियन सरकारने याला बंडखोरांचा हेर समजून सरळ तुरुंगात टाकलं, महिनाभर बसला आत. पण त्याच्या पुढच्या कामासाठी महत्त्वाचं काय तर हॅम्बुर्गजवळ त्याने एक मुलांची संस्था पाहिली जिथे बराकी नव्हत्या, लहान लहान घरं होती आणि प्रत्येक घरात थोडीच मुलं कुटुंबासारखी राहायची. ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

परत आला तर न्यूयॉर्कची अवस्था काय? पाच लाख वस्तीचं शहर, आयर्लंडमधला बटाट्याचा दुष्काळ आणि जर्मनीतली उलथापालथ यामुळे बोटीमागून बोटी भरून माणसं येतायत, पन्नाशीच्या दशकात शहरातली निम्मी माणसं परदेशात जन्मलेली. बाप बांधकामावर मेला नाहीतर दारूत, आई कॉलऱ्यात गेली नाहीतर शिवणकाम करून डोळे घालवून बसली, पोरं रस्त्यावर. पेपर विकणं, काड्यापेट्या विकणं, कोळसा वेचणं, चोऱ्या. पोलीसप्रमुख मॅट्सेल याने १८४९ च्या अहवालात शहराच्या काही वॉर्डांतच जवळपास तीन हजार भटकी पोरं असल्याचं लिहिलं होतं. अशा पोरांसाठी सोय दोनच, एकतर गरीबखाना नाहीतर सुधारगृह, आणि दोन्हीकडे मोठ्यांच्या संगतीत जे शिकायचं ते शिकून बाहेर.

१८५३ मधे वयाच्या सव्विसाव्या वर्षी ब्रेसने चिल्ड्रेन्स एड सोसायटी काढली. लोकांना फक्त गाड्या आठवतात, पण मला स्वतःला त्याचं सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे पेपर विकणाऱ्या पोरांचं वसतिगृह. १८५४ च्या मार्चमधे सन या वर्तमानपत्राच्या इमारतीत वरच्या माळ्यावर सुरू झालं. चालवायला ट्रेसी नावाचा सुतार, पाद्री वगैरे नाही. झोपायला सहा सेंट, जेवायला चार सेंट, फुकट काही नाही. पोरांना पहिल्या रात्री पक्का संशय की हा चर्चच्या रविवारच्या शाळेचा सापळा आहे किंवा इथून थेट सुधारगृहात नेणार. म्हणून त्यांनी आधीच ठरवलेलं की गॅसचे दिवे बंद करायचे आणि अंधारात दंगा घालायचा. ट्रेसीला कुणकुण लागली, तो दिव्याच्या नळीपाशी ठाण मांडून बसला. तरी अधूनमधून अंधारातून बूट उडतच होते म्हणे.

आणि बँक! एक टेबल, त्याच्या वरच्या फळीला ओळीने भोकं पाडलेली, प्रत्येक भोकाला नंबर, खाली प्रत्येकाचा वेगळा कप्पा. पोराने झोपण्याआधी आपल्या नंबरच्या भोकात चिल्लर टाकायची. टेबल कधी उघडायचं हे पोरांनीच मतदानाने ठरवायचं, आणि ठरलं की त्याआधी कोणी कितीही रडलं तरी उघडायचं नाही. ज्यांच्याकडे कमावलेला पैसा रात्रीपर्यंत कधी टिकला नव्हता त्या पोरांनी उघडल्यावर कप्प्यात जमलेली रक्कम पाहिली आणि बूट घेतले, टोप्या घेतल्या. मला हे वाचून त्या माणसाबद्दल खरंच आदर वाटला.

आता प्रश्न. ब्रेसला भीक देणं मान्य नव्हतं, सूप वाटणं मान्य नव्हतं, अनाथाश्रम तर अजिबातच नाही. मोठ्या संस्थेत पोरगं शिट्टीवर उठतं, शिट्टीवर जेवतं, आणि बाहेर आल्यावर स्वतःचं स्वतः काही करू शकत नाही असं त्याचं म्हणणं. पोराला घर पाहिजे. हे आज कोणीही बालमानसशास्त्रज्ञ सांगेल. पण ते घर त्याने शोधलं हजार मैलांवर, अनोळखी माणसांत, आणि ज्या घरातून पोरगं आलं त्या घराकडे मात्र पाठ फिरवली. मला यात गडबड इथेच वाटते. तुम्हाला काय वाटतं?

शेंगदाणा_चटणी

लेख आवडला, पहिल्यांदाच वाचलं हे सगळं. एक शंका, नावात ऑर्फन आहे पण तुम्ही म्हणताय आई असायची कधीकधी. मग ती देऊन कशी टाकायची पोरं? जबरदस्तीने न्यायचे का?

मक्याचं_कणीस

जबरदस्ती असं सरसकट नाही म्हणता येणार. आईबाप असतील तर त्यांची लेखी संमती घ्यायची पद्धत होती. पण ज्या बाईला लिहितावाचता येत नाही, भाषा नवी, नवरा गेलेला किंवा पळालेला, हातात तीन पोरं आणि घरमालक दारात, तिची संमती म्हणजे काय ते तुम्हीच बघा. या गाड्यांतली बरीच पोरं, काही हिशोबांनी निम्मी, पूर्ण अनाथ नव्हती. कितीतरी आया सही करताना समजत होत्या की हे तात्पुरतं आहे, हिवाळा सरला की आणू परत. भावंडं एकाच गाडीतून जायची आणि वेगवेगळ्या स्टेशनांवर उतरायची, कारण एका शेतकऱ्याला एकच पोरगा पाहिजे असायचा. धाकट्याला घेऊन बग्गी निघाली आणि मोठा मागे धावतोय अशा आठवणी म्हातारपणी सांगितल्यात लोकांनी.

पाचवा_माळा

कणीसराव, तुम्ही फार गोडीत घेतलंय. ब्रेसने १८७२ मधे स्वतःच्या वीस वर्षांच्या कामावर पुस्तक लिहिलं त्याचं नावच न्यूयॉर्कचे धोकादायक वर्ग असं आहे. अनाथ बालके नाही, गरीब मुले नाही, धोकादायक वर्ग. सगळ्या पुस्तकाचा सूर असा की ही परदेशी बापांची पोरं वेळीच हलवली नाहीत तर उद्या मोठी होऊन मतदान करतील, दंगली करतील, तुमची मालमत्ता जाळतील. १८६३ च्या जुलैत सैन्यभरतीविरुद्ध शहरात दंगल झाली, आयरिश मजूर त्यात पुढे होते, तेव्हा ब्रेसला वाटलं मी सांगतच होतो. आणि ॲस्टर घराण्यासारखे लोक पैसे देत होते ते काय उगाच? त्यांना हा स्वस्तातला विमा होता.

आणि त्याच दंगलीत जमावाने फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा काळ्या मुलांचा अनाथाश्रम लुटून जाळला, आतली दोनशेच्या वर मुलं मागच्या दाराने बाहेर काढली म्हणून वाचली. त्या मुलांना मात्र मध्यपश्चिमेत घर देणारी गाडी फारशी कधी मिळाली नाही. ब्रेस स्वतः गुलामगिरीविरोधी होता, पण त्याच्या गाड्या जवळपास गोऱ्या पोरांच्याच होत्या. तेव्हा हे भूतदया म्हणून वाचू नका, शहराची साफसफाई म्हणून वाचा.

खडूस_मास्तर

पाचवा माळा, वरून खाली बघताना सगळंच लहान दिसतं :)

देणग्या मागायच्या तर श्रीमंतांच्या भीतीला हात घालावा लागतो हे आजही प्रत्येक संस्था करते, फक्त शब्द मऊ वापरतात. ब्रेसने तेव्हाच्या भाषेत मागितल्या. त्या माणसाची बायको बेलफास्टची होती, १८५४ मधे लग्न केलं, त्याला आयरिश म्हणजे किडे वाटत असते तर तिकडे जाऊन लग्न केलं असतं का? (हा युक्तिवाद कच्चा आहे माहितीये, बेलफास्टचे प्रॉटेस्टंट वेगळे, सोडा.)

मुद्दा असा की तुलना कशाशी करायची? १८५० च्या दशकात दहा वर्षांचं पोरगं पाव चोरताना सापडलं तर टूम्ब्स नावाच्या तुरुंगात मोठ्या कैद्यांसोबत जायचं. दुसरी वाट करारावर बांधून द्यायची, म्हणजे पोरगं वयात येईपर्यंत कायद्याने मालकाचं. ब्रेसने तो करारच काढून टाकला. पोराला पटलं नाही तर पोरगं निघून जाऊ शकतं, घरधन्याला पटलं नाही तर तो परत पाठवू शकतो, आणि शाळेत घालायची अट. एकोणिसाव्या शतकाच्या मधोमध पोराला तुला पटतं का असं कागदावर विचारणारे किती होते? आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं ते आठवा.

आणि निकालही बघा. १८५९ मधे इंडियानाला गेलेल्या एकाच गाडीतली दोन पोरं, अँड्र्यू बर्क आणि जॉन ब्रेडी. बर्क नॉर्थ डकोटाचा गव्हर्नर झाला, ब्रेडी अलास्काचा. ब्रेडीला घेऊन गेलेल्या न्यायाधीशाने सांगितलं होतं म्हणे की मी सगळ्यात कुरूप आणि सगळ्यात दांडगट दिसणारं पोरगं मुद्दाम निवडलं.

पाचवा_माळा

मास्तर, दोन गव्हर्नर झाले म्हणून दोन लाखांचा हिशोब लागतो होय? संस्थेने ही दोन नावं शंभर वर्षं फ्रेम करून लावली. जो बावीसाव्या वर्षी आयोवात कुणाच्या तरी गोठ्यात न्यूमोनियाने गेला त्याची फ्रेम कुठाय?

आणि करार नव्हता हे पोराच्या फायद्याचं की शेतकऱ्याच्या? करार नाही म्हणजे कायदेशीर जबाबदारीही नाही. हंगाम संपला की पोरगं पळून गेलं असं कळवायचं. १८८० च्या दशकात मिनेसोटात हेस्टिंग्ज हार्ट नावाच्या सरकारी सचिवाने तिथे आलेल्या पोरांची स्वतः चौकशी केली. त्याने ब्रेसवरचे अर्धे आरोप खोटे ठरवले, म्हणजे ही पोरं येऊन गुन्हेगारी वाढवतात वगैरे काही नाही असं लिहिलं. पण घरं न तपासता घाईत वाटणी होते आणि नंतर कोणी धड बघायला येत नाही हेही लिहिलं. स्थानिक समिती म्हणजे बँकवाला, डॉक्टर, पाद्री, पेपरचा संपादक. अर्ज करणारा यांचाच शेजारी, यांचाच गिऱ्हाईक. नाही कोण म्हणणार?

उगाच_शंका

शेतकरी पोरांचे दात आणि दंड बघायचे म्हणतात ते खरंय का? बैलबाजारात बघतात तसे?

मक्याचं_कणीस

हो, गाडीने गेलेल्या बऱ्याच जणांनी तसं सांगितलंय. गावातल्या ऑपेरा हाउसमधे किंवा चर्चमधे स्टेजवर खुर्च्या मांडून पोरं बसवायची, आधी गावभर पत्रकं लावलेली असायची की अमुक शुक्रवारी मुलं येणार आहेत. पोरींना गाणं म्हणायला सांगायचे. दंड दाबून बघणं, तोंड उघडून बघणं हे सर्रास. एखाद्याने चावा घेतल्याचेही किस्से आहेत आणि मला ते वाचून बरं वाटलं.

पण त्याच वेळी पोर नसलेली जोडपी रडत रडत पोर उचलून घेऊन गेल्याचेही आहेत. म्हाताऱ्या झालेल्या लोकांच्या मुलाखती वाचल्या की डोकं चक्रावतं, एक म्हणतो मला आईबाप मिळाले, त्याच गाडीतला दुसरा म्हणतो मला मालक मिळाला.

अबोली_ऑनलाइन

मी बालकल्याणाच्या क्षेत्रात काम करते (पुणे), त्यामुळे राहवलं नाही. वरच्या सगळ्या भांडणात मला कळीची गोष्ट एकच दिसते, पाठपुरावा. घर चांगलं की वाईट हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही, आजही कळत नाही. आम्ही गृहभेट करतो, शेजाऱ्यांशी बोलतो, कागद बघतो, पोलीस पडताळणी होते आणि तरी काही घरं सहा महिन्यांनी वेगळीच निघतात. फरक एवढाच की सहा महिन्यांनी कोणीतरी जातं. ब्रेसचा माणूस वर्षातून एकदा जायचा, तोही शेकडो घरांना, आणि पोराशी बोलायचा ते त्या घरच्या माणसांसमोर. नाहीतर पत्र. आठ वर्षांचं पोरगं पत्रात काय लिहिणार, ते पत्र टपालात टाकणार कोण तर तोच शेतकरी.

दुसरं, गरिबी हे पोराला आईपासून काढायचं कारण होऊ शकत नाही हे अमेरिकेने १९०९ मधे मान्य केलं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने व्हाइट हाउसमधे परिषद बोलावली त्यात ठराव झाला. १९११ मधे इलिनॉय राज्याने आयांना पेन्शन द्यायला सुरुवात केली, म्हणजे पोराला सांभाळायचे पैसे आईलाच द्या. १९१२ मधे केंद्राचं बालकांसाठी वेगळं खातं निघालं, पहिली प्रमुख ज्युलिया लॅथ्रप, नंतर ग्रेस ॲबट, दोघी शिकागोत स्थलांतरितांच्या वस्तीत राहून काम केलेल्या बायका. ब्रेस जवळपास ३७ वर्षं ज्या आईकडे बघायचं टाळत होता तिच्याकडे या बायकांनी आधी बघितलं, असं मला वाटतं.

आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे ती त्याच जातीची. एकल पालकाच्या, आजारी पालकाच्या मुलाला घरातच ठेवायचं आणि महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, २०२३ मधे ती २२५० रुपये झाली. कोविडनंतर अर्जांची रीघ लागली. पैसे कधी येतात हा वेगळा धागा होईल, पण ज्या बाईला ते वेळेवर येतात ती पोराला वसतिगृहात टाकायचा फॉर्म मागायला परत येत नाही हे मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय.

खडूस_मास्तर

अबोलीताई, सहमत. फक्त एक. ब्रेसने आईकडे अजिबातच बघितलं नाही असं नाही. त्याच्या औद्योगिक शाळा होत्या शहरातच, जिथे पोरं दिवसा यायची, शिवण, सुतारकाम, वाचन शिकायची, दुपारी गरम जेवण मिळायचं आणि रात्री आपल्या घरी जायची. संख्येने बघितलं तर गाडीत बसलेल्या पोरांपेक्षा या शाळांत गेलेली पोरं कितीतरी जास्त. आणि स्थलांतराचा विषय निघालाच आहे तर फाइव्ह पॉइंट्स या बदनाम वस्तीत १८५५ मधे इटालियन पोरांसाठी काढलेली शाळा. दक्षिण इटलीतल्या खेड्यांतून पाद्रोने म्हणवणारे मुकादम आईबापांना थोडे पैसे देऊन पोरं आणायचे, हातात व्हायोलिन नाहीतर हार्प द्यायचे आणि रस्त्यावर वाजवून भीक मागायला लावायचे. संध्याकाळी ठरलेली रक्कम आणली नाही तर मार. या पोरांना शाळेत ओढायचं काम ब्रेसच्या लोकांनी केलं, मुकादमांच्या धमक्या खाल्ल्या, वर्तमानपत्रांतून बोंब उठली आणि शेवटी १८७४ मधे केंद्राचा कायदा झाला, असं पोर आणून राबवणं गुन्हा ठरलं. हे कोणी सांगत नाही कारण यात रेल्वे नाही.

रानमेवा

यात धर्माचा भाग राहिलाच की. पोरं बहुतेक आयरिश कॅथलिक आणि घरं बहुतेक प्रॉटेस्टंट. कॅथलिकांचं सरळ म्हणणं होतं की हे धर्मांतर आहे, गाडीभाड्यासकट. त्याला उत्तर म्हणून त्यांनी स्वतःच्या गाड्या काढल्या. सिस्टर आयरीनने १८६९ मधे न्यूयॉर्क फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं, दाराशी पाळणा ठेवलेला, बाई येऊन बाळ ठेवून जायची, कोणी काही विचारायचं नाही. पुढे ही बाळं दोनतीन वर्षांची झाली की नन्ससोबत पश्चिमेकडे. पण त्यांची पद्धत वेगळी, आधी त्या त्या गावचा फादर कुटुंबं ठरवायचा, बाळाच्या कपड्याला नंबर आणि घेणाऱ्याकडे तोच नंबर. स्टेजवर उभं करणं नाही.

आणि तरी सगळ्यात भयानक प्रकरण यांच्याच गाडीचं. १९०४ चा ऑक्टोबर, ॲरिझोनातली क्लिफ्टन आणि मोरेन्सी ही तांब्याच्या खाणींची गावं. तिथे कॅथलिक म्हणजे मेक्सिकन खाणकामगार. फ्रेंच फादरने त्यांचीच घरं ठरवली. नन्स ४० गोरी गोरी आयरिश बाळं घेऊन उतरल्या आणि स्टेशनावरच गावातल्या गोऱ्या बायका जमल्या, पोरं मेक्सिकन घरांत जाताना बघून त्यांचं पित्त खवळलं. रात्री पावसात हत्यारबंद माणसांची टोळी निघाली, घराघरांतून झोपलेली पोरं उचलली, फादरला आणि संस्थेच्या माणसाला गावातून हुसकावून लावलं. पोरं गोऱ्या घरांत वाटली. संस्था कोर्टात गेली, १९ पोरांसाठी भांडली. ॲरिझोनाच्या कोर्टाने सांगितलं की पोरांचं हित गोऱ्या घरांतच आहे. १९०६ मधे सुप्रीम कोर्टाने हे आमच्या अधिकारात बसत नाही म्हणून हात झटकले. ज्यांनी रात्री बंदुका घेऊन पोरं उचलली त्यांच्याकडेच ती राहिली.

उगाच_शंका

थांबा, म्हणजे न्यूयॉर्कमधे जी आयरिश पोरं कोणाला नको होती तीच ॲरिझोनात इतकी गोरी ठरली की त्यांच्यासाठी बंदुका निघाल्या?

रानमेवा

हो. दोन हजार मैलांत रंग बदलला.

वाटसरू_न्यूजर्सी

आज इथे स्थलांतरितांच्या पोरांचं काय चाललंय ते पण लिहा की. दोन्ही पक्ष सारखेच आहेत. ज्यांनी मत दिलं त्यांनी

(प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित. चालू राजकारणासाठी वेगळा धागा आहे, इथे विषय १९२९ पर्यंतच ठेवावा. – संपादक)

केडगावचा_वारा

आपल्याकडचा एक धागा जोडतो. पंडिता रमाबाई १८८६ मधे अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, ११ मार्चला फिलाडेल्फियात. पण मग राहिल्या जवळपास तीन वर्षं, सगळा देश पालथा घातला, शाळा, बालवाड्या, धर्मादाय संस्था बघितल्या आणि १८८९ मधे मराठीत तिथल्या लोकस्थितीवर पुस्तक लिहिलं. म्हणजे ब्रेस हयात असताना, या गाड्या जोरात चालू असताना त्या तिथे होत्या. तिथल्या बायका एकत्र येऊन संस्था कशा चालवतात याचं त्यांना फार कौतुक, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कसं वागवलं यावर त्यांनी ओढलेले कोरडेही आहेत.

आणि मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बायका सोबत घेऊन आल्या, तीनशेच्या आसपास. इथेही रेल्वेच. पण त्यांनी ब्रेसच्या अगदी उलट केलं. या मुलींना घरांघरांत वाटलं नाही, केडगावला एकत्र ठेवलं, शेती, विहिरी, विणकाम, तेलघाणा, छापखाना. ब्रेस असता तर म्हणाला असता ही तर मोठी संस्था झाली, शिट्टीवर जेवण. पण रमाबाई काय करणार? पोरकी मुलगी किंवा बालविधवा १८९७ मधे कुठल्या घरात सून-मोलकरीण न होता मुलगी म्हणून राहिली असती? घर हे औषध तेव्हाच लागू पडतं जेव्हा घरात तुम्हाला जागा असते. ब्रेसला मिशिगनातल्या शेतकऱ्याच्या घराबद्दल जेवढा विश्वास होता तेवढा रमाबाईंना इथल्या घरांबद्दल नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं.

धर्मांतराचा आरोप मात्र दोघांवरही झाला. त्यावर इथे दोनशे प्रतिसाद पडू नयेत ही नम्र विनंती.

पाचवा_माळा

केडगावचा वारा, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा जड झाला. मान्य.

तुमच्या घराच्या मुद्द्यावरून आठवलं, गाडीतल्या मुलींचं काय व्हायचं हे बघितलं पाहिजे. मुलांच्या मानाने मुली कमी पाठवल्या गेल्या आणि मोठ्या मुलींना घरं मिळायला त्रास व्हायचा. मिळालं तर मोलकरीण म्हणून. ब्रेसचं सगळं गणित मुलग्यावर उभं होतं, मोकळं रान, घोडा, जमीन, कष्ट करून वर ये. मुलीला ते रान कधी मोकळं होतं?

खडूस_मास्तर

हे पटलं. त्याच्या पुस्तकातली पेपरवाल्या पोरांची प्रकरणं वाचा, लाडाने लिहिलीयेत, त्यांच्या टपोरीपणाचं कौतुक आहे. रस्त्यावरच्या मुलींवर आला की लगेच उपदेश सुरू. मुलगा बिघडला तर सुधारतो, मुलगी बिघडली की संपलं, असंच चाललंय.

शेंगदाणा_चटणी

मग हे थांबलं कसं? कोणाला उपरती झाली का?

मक्याचं_कणीस

उपरती कसली, यजमानांनीच दारं लावली. मध्यपश्चिमेतल्या राज्यांनाच नको झालं. १८९५ मधे मिशिगनने कायदा केला की बाहेरच्या राज्यातून पोरं आणायची तर आधी जामीन भरा, पोरगं सरकारवर बोजा झालं तर पैसे तुमचे. १८९९ मधे इंडियाना, इलिनॉय, मिनेसोटा. म्हणजे ज्या मिशिगनात पहिली गाडी आली तेच सगळ्यात आधी वैतागलं. शिवाय तिकडेही शहरं वाढली, त्यांची स्वतःची पोरं रस्त्यावर आली, शेतात यंत्रं आली. अबोलीताईंनी सांगितलेली आयांची पेन्शन आली. बालमजुरीविरोधी कायदे आले, शाळा सक्तीची झाली, फुकट राबणारे हात म्हणून पोर घ्यायचं आकर्षण गेलं. शेवटच्या गाड्या १९२९ च्या.

ब्रेसने हे बघितलं नाही. तो १८९० मधे स्वित्झर्लंडमधे गेला, तब्येतीसाठी गेलेला. मग संस्था मुलाने चालवली, त्याचंही नाव चार्ल्स लोरिंग ब्रेस. संस्था अजून आहे न्यूयॉर्कात, आता नुसतं चिल्ड्रेन्स एड म्हणतात.

अबोली_ऑनलाइन

कागदपत्रं उपलब्ध आहेत का? म्हणजे भेटीच्या नोंदी वगैरे. कामाच्या दृष्टीने विचारतेय, तेव्हाची नोंद कशी ठेवायचे ते बघायचंय.

मक्याचं_कणीस

आहेत. संस्थेचे जुने दस्तऐवज न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीकडे दिलेत. वंशज लोक अजून शोधत येतात, आजोबांचं खरं आडनाव काय होतं एवढ्यासाठी, कारण पुष्कळांची नावं नव्या घरात बदलली. कॅन्सस राज्यात काँकॉर्डियाला जुन्या रेल्वे स्टेशनात या गाड्यांचं संग्रहालय आहे, ते पण नावं शोधायला मदत करतात. नोंदवह्यांत बहुतेकांच्या वाट्याला चारदोन ओळी. वय, आईबाप, कुठे पाठवला, पुढे कधी पत्र आलं. काहींच्या पुढे पत्र आलं त्याच्या तारखा वीस वीस वर्षं चालू आहेत आणि काहींच्या पुढे पाठवल्याची तारीख आणि मग काहीच नाही.

उगाच_शंका

त्या पहिल्या गाडीतल्या नऊ जणांचं काय झालं, आयोवाला गेले त्यांचं?

मक्याचं_कणीस

स्मिथने त्यांना शिकागोपर्यंत नेलं आणि तिथून आयोवा सिटीच्या गाडीत बसवून दिलं, तिकडे टाउनसेंड नावाच्या पाद्र्याने अनाथांसाठी घर काढलं होतं त्याच्या हवाली. स्मिथच्या अहवालात त्यांच्यावर एवढंच आहे. पुढच्या वर्षीच्या जानेवारीतच ब्रेसने पुढची तुकडी पाठवली, पेनसिल्व्हेनियाला.